तात्यांच्या हातचं

त्या शनिवारी सकाळी मी आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणते, स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. स्टोव्हवर दूध आटत होतं. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, महिन्यातून एका शनिवारी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून सांगलीला यायचे आणि रविवारी परत जायचे. कराडला गाडी बदलायची, की दुपारच्या आत दारात हजर. समोरच्या किराणा दुकानात फोन होता. आमचा फोन आला की दुकानदार गल्लीच्या पलीकडूनच हाक मारायचे. त्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. ते उंबऱ्यापर्यंत आले, चपला काढल्या आणि तिथंच उभे राहिले. "कराडच्या स्टँडवरून फोन होता," ते मामींकडं बघत म्हणाले. "तुमचे व्याही... बाकावर बसले होते. बसल्या बसल्याच गेले म्हणतात. खिशात इथला पत्ता होता."

मी म्हणाले, "नाही हो, ते गाडीत बसले असतील. आत्ता येतीलच." आणि खरंच उठून मी दूध उतरवून चहाचं आधण ठेवलं. तात्यांना आल्या आल्या चहा लागायचा, कमी साखरेचा. मी दोन कप पुसून घेतले, आलं ठेचलं. मामींनी माझ्या हातातून बत्ता काढून घेतला आणि स्टोव्ह बंद केला, तेव्हा त्यांचा मला राग आला होता, एवढंच आठवतं. ह्यांना कुपवाडच्या कारखान्यातून कुणी बोलावून आणलं, कराडला कोण गेलं, मी गावाकडच्या गाडीत कशी चढले... काही आठवत नाही. दीड महिना झाला. चोपन्न वर्षांचा माणूस, कधी साधा ताप आलेला मी पाहिला नाही. आदल्या दिवशी टाकलेलं त्यांचं कार्ड सोमवारी आलं. त्यात लिहिलं होतं, 'मटार कोवळा घ्यावा. बाकी मी आल्यावर.'

तात्या पलटणीत होते. आमच्या भागात घराआड एक माणूस पलटणीत असतो, त्यात काही नवल नाही. पण तात्यांनी बंदूक फारशी धरली नाही. ते अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये खानसामा होते. सूप, कटलेट, रोस्ट, पुडिंग असले शब्द आमच्या गावात पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून आले. लग्नानंतर दोन वर्षांतच त्यांची बायको बाळंतपणात गेली. ते तेव्हा कुठं बर्फात होते. तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुन्हा त्यांनी लग्न केलं नाही. पेन्शन घेऊन ते घरी आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माझे वडील, आण्णा, त्यांची वाट बघत होते ते उसाच्या पाण्याच्या पाळ्यांना आता आणखी एक गडी मिळणार म्हणून.

आईला तेव्हा संधिवातानं पुरतं धरलं होतं. तिची बोटं आत वळली होती, त्यांत पिठाचा गोळा ठरत नसे. ती मनगटानं भाकरी थापायची आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलायची. मग हळूहळू चूल माझ्याकडं आली. भाकऱ्या करून शाळेत जाईपर्यंत दोन तास होऊन गेलेले असायचे. तात्यांनी आल्यावर चार दिवस हे नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी ते चुलीसमोर येऊन उभे राहिले.

"शाले, आज शाळा न्हाई व्हय?"

"हाय की. पण भाकऱ्या व्हायच्यात."

"ऊठ."

मला वाटलं, काही आणायला सांगतायत. ते माझ्या जागी बसले, धोतर गुडघ्यावर घेतलं, परातीत हात घातला आणि म्हणाले, "जा तू शाळंला. वैनी, तुमी मला फकस्त सांगत ऱ्हावा. रोटी येती मला, भाकरी न्हाई येत." आई कानकोंडी होऊन म्हणाली, "आवं भावजी, लोकं काय म्हनतील?" "लोकं जेवून म्हनतील, का उपाशी?" तात्यांनी विचारलं.

लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच. जत्रेत बोकड शिजवायला गावचे सगळे बाप्ये पुढं असतात, तिथं त्यांना लाज नसते. पण रोज सकाळी चुलीपुढं मांडी घालून भाकरी थापणारा बाप्या आमच्या पंचक्रोशीत कुणी बघितला नव्हता. पारावर चेष्टा व्हायची. एकदा एकानं रस्त्यात अडवून विचारलं, "काय गड्या, मिशा ठेवून चूल फुकतुस?" तात्या शांतपणे म्हणाले, "आमच्या कर्नलसाहेबाच्या मिशा तुज्यापरीस मोठ्या हुत्या. त्यो रोज माज्याच हातचं खायाचा." तात्या हसून सोडून द्यायचे, पण आण्णांना ते जिव्हारी लागायचं. एकदा त्यांनी तात्यांना मळ्यात गाठून सांगितलं, "दुसरं लगीन कर. घरात बाई यिऊ दे, मंजी ही थट्टा तरी बंद हुईल." तात्या म्हणाले, "भाकरी थापायला बाई आनू व्हय, आण्णा? ती बी कुनाची तरी लेकच असंल की." त्यानंतर आण्णांनी तो विषय काढला नाही. पण इतक्या वर्षांत 'आज आमटी चांगली झाली' एवढंसुद्धा ते कधी बोलले नाहीत. खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे.

दुष्काळाच्या सालात विहिरीनं तळ दाखवला, ऊस उभा वाळला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत हातातच फुटायची, आणि झालीच तर घशाखाली उतरायची नाही. गल्लीतल्या बायका रडकुंडीला आल्या होत्या. तात्यांनी दोन दिवस खटपट केली. पाणी उकळून त्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, गरम असतानाच ते मळायचं आणि तव्यावर टाकेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवायचं. भाकरी अखंड उतरली. ज्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, त्याच मग दारात येऊन बसायला लागल्या. "तात्या, पानी किती वं?" तात्या त्यांना हात धरून दाखवू शकत नव्हते, म्हणून माझा हात धरून दाखवायचे. घरात त्या वर्षी हुलग्याचं माडगं आणि ही तांबडी भाकरी, याशिवाय काही नसायचं. पण तात्या वाढायचे ते मेसच्या रिवाजानं. ताट पुसून घ्यायचे, डाव्या बाजूनं वाढायचे आणि कमरेत वाकून मला विचारायचे, "साब, और कुछ?" मी म्हणायची, "थोडं माडगं." मला त्या वर्षीची भूक आठवत नाही, हे वाकणं आठवतं.

मी मॅट्रिक झाले, नंतर शिक्षिकेचा कोर्स केला. आमच्या भावकीतली मी पहिली शिकलेली मुलगी. लोक आण्णांचं कौतुक करायचे. मी किती वाजता उठून अभ्यास करायचे, हेही लोक सांगायचे. पण मी अभ्यास करत असताना चुलीपाशी कोण होतं, हे कुणी सांगायचं नाही. याचा परिणाम एकच झाला. मला स्वयंपाक आला नाही. मी नुसती खात राहिले.

आणि मग सांगलीचं स्थळ आलं. मुलगा कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वडील नाहीत, आई करारी. ती मंडळी लांबून येणार म्हणून पोह्यांवर न भागवता जेवणच ठेवलं. तात्या आदल्या दिवसापासून भिडले होते. पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, कुरडया. आणि सगळ्यांत शेवटी, कुणाला न विचारता, पुडिंग. पितळी डब्यात साखर जाळून, वर दूध-अंड्याचं मिश्रण ओतून, पाण्यात उकडून त्यांनी तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला होता. जेवणं झाल्यावर ताटलीत उपडं केलं, तेव्हा ते तांबूस, चकचकीत, उभ्या उभ्या थरथरायला लागलं. पाहुण्यांतला एक म्हातारा दचकून मागं सरकला. "आरं, ह्ये जित्तं हाय व्हय?" सगळे हसले. मामींनी चमचाभर खाल्लं. थांबल्या. आणखी खाल्लं. मग विचारलं, "हे सगळं कुणी केलं?"

आण्णांनी मान खाली घातली. आई आतून बाहेर येईना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाढपी म्हणून उभे असलेले तात्या म्हणाले, "शालननं. आमी नुस्तं वाढतोय." मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी इतक्या करड्या नजरेनं कधीच माझ्याकडं बघितलं नव्हतं. मी गप्प बसले. सुपारी तिथंच फुटली. नंतर मी मागच्या दारी जाऊन रडले तर म्हणाले, "तुज्या आब्यासासाठी चूल घेतली. आता चुलीपायी तुजं लगीन मोडलं तर माजी सगळी वर्सं मातीत की, येडे."

सांगलीत मी सहा महिने कसे काढले, ते माझं मला माहीत. माझी भाकरी बघून मामी म्हणायच्या, "चुलीवरचा हात आहे, स्टोव्हला बसायला वेळ लागतो." मी मान हलवायची. दर घासाला मला वाटायचं, आता विचारतील. त्यात ह्यांच्या कारखान्याचे मालक आणि मुंबईचे दोन पाहुणे यांना मामींनी जेवायला बोलावलं. ह्यांच्या बढतीची बोलणी चालू होती. "आमची सून असं पुडिंग करते, की हॉटेलात मिळायचं नाही," असं त्या मालकांच्या पत्नीला सांगून आल्या होत्या. मी तात्यांना कार्ड टाकलं. एकच ओळ, 'रविवारी पाहुणे आहेत, तुम्ही या.'

शनिवारी तात्या पुतणीला बघायला म्हणून आले. रविवारी सकाळी मामी देवळाला जायच्या, तिथून कीर्तन ऐकून यायच्या. तेवढ्या वेळात सगळं उरकायचं असं आमचं ठरलं. पण त्या दिवशी कीर्तनकार आलेच नाहीत. मी पायरीवर चपलांचा आवाज ऐकला. मामी दारात आल्या तेव्हा तात्या धोतर खोचून स्टोव्हपुढं बसले होते, डब्यात साखर जळत होती, कटलेट वळून ताटात मांडलेले, आणि मी शाळकरी मुलीसारखी बाजूला बसून वाटाणे सोलत होते. मामींनी डब्याकडं बघितलं, मग तात्यांकडं.

"म्हणजे... त्या दिवशीसुद्धा?"

तात्या उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. मी त्यांना देवाशिवाय कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं. "व्हय. लबाडी माजी हाय, बाई. पोरीची न्हाई. ती बोलनार हुती, म्याच बोलू दिलं न्हाई. तिनं पुस्तकं वाचली, चूल म्या सांबाळली. काय राग धरायचा त्यो माज्यावर धरा. पोरीला माघारी धाडू नका."

मला वाटलं, आता सगळं संपलं. माझ्या डोळ्यांसमोर गावाकडं जाणारी गाडी, माझी ट्रंक, आण्णांचा चेहरा असं सगळं येऊन गेलं. मामींनी नाक वर करून वास घेतला.

"साखर करपतीय," त्या म्हणाल्या. "आधी ती बघा."

तात्या झटकन खाली बसले. मामी पाट ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि वाटाणे सोलायला लागल्या. साखर उतरवून तात्यांनी हळूच विचारलं, "पाव्हन्यांना सूनबाईनं केलं म्हनून सांगायचं न्हवं?" मामी म्हणाल्या, "नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

दुपारी पाहुणे आले. टेबल शेजारच्यांकडून मागून आणलेलं, त्यावर मामींची लग्नातली चादर. टोमॅटोचं सूप, कटलेट, कोंबडीचा रस्सा, मटारभात, पुडिंग. मुंबईच्या पाहुण्यांतल्या बाईंनी विचारायचं तेच विचारलं. तात्या तेव्हा खांद्यावर फडकं टाकून आतल्या दाराशी उभे होते, मेसमध्ये उभे राहायचे तसे. मामी म्हणाल्या, "हे आमचे व्याही. यांनी केलंय." आणि सगळ्यांदेखत त्यांनी एक खुर्ची ओढली. "बसा, तात्या." तात्या मागं सरले. "न्हाई न्हाई. मी वाढतोय की." "मी वाढते," मामी म्हणाल्या. "तुम्ही बसा."

पंधरा वर्षं अधिकाऱ्यांना वाढलेला माणूस टेबलाशी पहिल्यांदाच बसला. मामींनी डाव्या बाजूनं वाढलं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तात्यांनी घास घेतला आणि तो हातातच राहिला. मालक त्यांना काही विचारत होते, त्यांना ऐकू येत नव्हतं. मी दाराआडून बघत होते. स्वतःच्या हातचं जेवण ते पाहुण्यासारखं जेवत होते आणि त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

तेव्हापासून महिन्याचा तो शनिवार ठरला. मी शिकले, माझ्याबरोबर मामीही शिकल्या, आणि मामींकडून तात्या हिरव्या मिरचीचा खर्डा शिकून गेले. गावात मात्र गवगवा झाला. 'लेकीच्या सासरी सैपाक्या म्हनून जातोय.' आमच्याकडं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. आण्णा इतके संतापले, की दोन वर्षं सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. एकाच घरात राहायचे, एकाच ताटात... म्हणजे तात्यांनी वाढलेल्या ताटात जेवायचे, पण बोलायचे नाहीत. आईमार्फत निरोप चालायचे. मी तात्यांना म्हटलं, "तुम्हीच बोला ना." ते म्हणाले, "जेवतोय न्हवं? जेवतोय तवर भांडान न्हाई म्हनायचं." आणि तो अबोला सुटण्याआधीच तात्या कराडच्या बाकावर...

गावी पोचले तेव्हा त्यांना ओट्यावर ठेवलं होतं. मी तोंडाकडं बघू शकले नाही. हाताकडं बघितलं. उजव्या हाताच्या बोटांची टोकं तव्याच्या चटक्यांनी गुळगुळीत झालेली होती. आण्णा खांबाला टेकून बसले होते. रडत नव्हते. त्यांच्याकडं बघून मला राग यायला हवा होता, पण तेवढंही बळ नव्हतं. पुढचे दिवस भावकीतल्या बायका जेवण आणून द्यायच्या. आई प्रत्येक घासाला थांबायची आणि मला विचारायची, "ह्ये कुनी केलं गं?" मी नाव सांगायची. ती मान हलवून परत तोंड उघडायची. पुढच्या घासाला पुन्हा तेच.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी मला सांगलीला परतायचं होतं, शिकवत होते त्या शाळेतली रजा संपत होती. आईचं काय करायचं, हे कुणी बोलत नव्हतं. तिला सांगलीला घेऊन जावं, असा विचार करत मी सकाळी उठले. उजाडलं होतं, आणि स्वयंपाकघरातून धूर येत होता. मला क्षणभर... ते लिहीत नाही. मी धावत गेले.

चुलीपुढं आण्णा बसले होते. पासष्ट वर्षांचे आण्णा, डोक्याला मुंडासं तसंच, परातीत दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. समोर आई भिंतीला टेकून वाकड्या बोटांनी हवेत दाखवत होती, "दाबू नगा, फिरवा, फिरवा." तव्यावरची भाकरी एका बाजूला कच्ची आणि दुसऱ्या बाजूला काळी झालेली. शेजारी आणखी तीन तशाच. आण्णांनी वर बघितलं. त्यांचे डोळे लाल होते, धुरानं असतील.

"त्यो पानी किती घालायचा गं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा हात धरून परातीत नेला. तेवढ्यात बाहेरून हाक आली. सोसायटीचे चेअरमन चार माणसं घेऊन आले होते, उसाच्या तोडीचं विचारायला.

"आण्णा, हायसा का घरात?"

आण्णांचा हात माझ्या हातात थांबला. आई त्यांच्याकडं बघत राहिली. मी उठून बाहेर जाऊन, आण्णा मळ्यात गेलेत असं सांगणार होते. आण्णांनी मला खाली बसवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हाय. भाकरी थापतोय. बसा जरा."

बाहेर कुणी हसलं नाही.